गादीवरचा वाचक

लासूर स्टेशनच्या मोंढ्यात, किंवा तशाच कोणत्याही स्टेशनगावच्या पेठेत, अडत दुकानांच्या ओळीत एक तरी गृहस्थ असा आढळतो, की ज्याच्याविषयी घरची मंडळी थोड्या कौतुकाने आणि बऱ्याच तक्रारीने बोलत असतात. सकाळी लिलाव सुरू होण्यापूर्वी त्याची दोन वर्तमानपत्रे वाचून झालेली असतात. बाजारभावाचे पान पाहून तो थांबत नाही. तांबड्या समुद्रातील जहाजे, न्यायालयातील एखादा निकाल, उत्खननात सापडलेली खापरे, ब्राझीलमधील मक्याचे पीक, पेशव्यांच्या सावकारांची कर्जे, असे सर्व काही त्याला हवे असते. पुडीचा कागद टाकून देण्यापूर्वी तो उलगडून वाचतो आणि मजकूर मध्येच तुटलेला असला तर पुढे काय झाले असेल या विचारात दिवसभर राहतो. कोणत्याही एका विषयाचा तो अभ्यासक नसतो. सभेत बोलायला उभा केला तर चार वाक्यांत गडबडेल. गादीवर बसून मात्र दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात तो पानिपतावरून पनामा कालव्यावर सहज जातो.

घरचा अभिप्राय ठरलेला असतो : जगाची चौकशी करायला वेळ आहे, उधारीची वही लिहायला नाही. या तक्रारीत तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. व्यापार हा एकाग्रतेचा धंदा आहे आणि ज्याचे लक्ष दहा ठिकाणी असते, त्याच्या गल्ल्याकडे दुसऱ्या कोणाचे तरी लक्ष जाते. परंतु ही तक्रार नवी नाही. ती किमान चारशे वर्षे जुनी आहे, आणि ज्याच्याविषयी ती प्रथम लेखी स्वरूपात आढळते तो गृहस्थ जैन व्यापारी होता.

बनारसीदास यांचा जन्म इ.स. १५८६ मध्ये जौनपूर येथे श्रीमाळ कुळात झाला. ‘समयसार नाटक’ या ग्रंथामुळे अध्यात्मप्रेमी श्रावकांना त्यांचे नाव परिचित आहे; परंतु इ.स. १६४१ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी स्वतःचे जीवन पद्यात लिहून काढले आणि त्याला ‘अर्धकथानक’ असे नाव दिले. मनुष्याचे पूर्ण आयुष्य एकशे दहा वर्षांचे धरले तर आपली कथा अर्ध्यावर आली आहे, असा त्या नावामागील हिशेब होता. भारतीय भाषांतील आरंभीच्या आत्मचरित्रांत या ग्रंथाची गणना होते. मुंबईचे प्रकाशक आणि संशोधक नाथूराम प्रेमी यांनी तो १९४३ साली संपादून प्रसिद्ध केला आणि विद्वानांचे लक्ष त्याकडे वेधले गेले.

या बनारसीदासांना तरुणपणी वाचनाचे विलक्षण वेड होते. कोश, ज्योतिष, अलंकार, काव्य, जे हाती येईल ते त्यांनी वाचले. घरच्या वडीलधाऱ्यांनी त्यांना बजावले, की इतके शिकणे ब्राह्मणांचे आणि भाटांचे काम आहे. वाण्याच्या मुलाने पेठेत बसावे, फार शिकणाऱ्यावर शेवटी भिक्षेची पाळी येते. लासूर स्टेशनच्या गादीवरील गृहस्थाला घरून जे ऐकावे लागते, त्याहून यात निराळे काय आहे? पुढे आग्र्यास ते व्यापारासाठी गेले आणि वडिलांनी दिलेला माल व पैसा गमावून बसले. त्या पडत्या दिवसांत ते रात्री घरी जमलेल्या दहा-वीस श्रोत्यांना ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ या प्रेमकथा वाचून दाखवीत आणि एका कचोरीवाल्याकडून कित्येक महिने उधारीवर कचोऱ्या खात. आपली स्थिती त्यांनी त्या कचोरीवाल्याला स्पष्ट सांगितली होती, आणि तरीही त्याने उधार दिले. व्यापारी म्हणून ते यशस्वी नव्हते, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. वडीलधाऱ्यांचे भाकीत बऱ्याच अंशी खरे ठरले, असेही म्हणता येईल.

आता याच अयशस्वी व्यापाऱ्याने काय नोंदवून ठेवले ते पाहावे. इ.स. १६०५ मध्ये अकबर बादशहाचे आग्र्यास निधन झाले. ही बातमी जौनपूरला पोहोचली तेव्हा एकोणीस वर्षांचे बनारसीदास घराच्या जिन्यावर बसले होते. ऐकताच भोवळ येऊन ते खाली पडले आणि त्यांचे कपाळ फुटले. गावाचे काय झाले? घरोघरी दारे बंद झाली, दुकाने उघडेनात. लोकांनी चांगली वस्त्रे आणि दागिने दडवून ठेवले, श्रीमंतांनी जाडीभरडी वस्त्रे अंगावर चढवली, काहींनी शस्त्रे विकत घेतली. श्रीमंत कोण आणि गरीब कोण हे ओळखू येईना. चोरी किंवा दरोडा कोठेच पडला नव्हता. भीती मात्र सर्वत्र होती. दहा दिवसांनी आग्र्याहून पत्र आले, की शहजादा सलीम जहांगीर या नावाने तख्तावर बसला आहे. तेव्हा कोठे पेठ उघडली.

दरबारी इतिहासकारांनी अकबराच्या मृत्यूविषयी पुष्कळ लिहिले आहे. परंतु बादशहा मरतो तेव्हा आग्र्यापासून शेकडो मैल दूर असलेल्या पेठेत व्यापारी माणूस काय करतो, दागिने कोठे ठेवतो आणि दुकान किती दिवस बंद राहते, हे सांगणारा माणूस दुकानात बसणाराच असावा लागतो. तेथे दरबाराचा उपयोग नाही. पुढे आग्र्यात आलेल्या गाठीच्या रोगाचेही वर्णन त्यांनी केले, आणि आपल्या घरावर ओढवलेली आपत्तीही त्याच सरळपणे लिहिली : तीन विवाह, नऊ अपत्ये, आणि त्यांतील एकही जगले नाही. बातमी, इतिहास आणि घरचा हिशेब हे तिन्ही त्यांनी एकाच वहीत लिहिले असे म्हटले तर चूक होणार नाही.

बातमीचे आणि व्यापाराचे नाते तसे उघडच आहे. फर्दुनजी मर्झबान यांनी १८२२ साली सुरू केलेले ‘मुंबई समाचार’ हे गुजराती पत्र, जे आजही निघते, ते आरंभी जहाजांची ये-जा, मालाचे भाव, मालमत्तेची विक्री असल्या मजकुरावरच चालत असे. दहा वर्षांनी, ६ जानेवारी १८३२ रोजी, बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले तेव्हा मराठी माणसालाही वर्तमानपत्र मिळाले. पण ते ज्ञानप्रसारासाठी होते आणि आठ वर्षांत बंद पडले. भावाच्या बातमीला गिऱ्हाईक नेहमीच अधिक असते. यात कोणी कमीपणा मानण्याचे कारण नाही. कुतूहलाला सुरुवात कोठून तरी व्हावी लागते, आणि व्यापाऱ्याच्या बाबतीत ती भावापासून होते.

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली आणि ती पुढील मे महिन्यात खुली झाली. त्याच हिवाळ्यात येमेनमधील हौथी बंडखोरांच्या हल्ल्यांमुळे जहाजे तांबडा समुद्र सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली. लासूर स्टेशनच्या कांदा व्यापाऱ्याने त्या काळात येमेनचा नकाशा पाहिला असेल तर तो पोटासाठी. परंतु शंभरातील एखादा माणूस नकाशा पाहून झाल्यावरही तो मिटत नाही. हा कालवा कोणी खणला, १८६९ पूर्वी मुंबईचा कापूस लिव्हरपूलला कसा जात असे, आणि त्याच्याही आधी सोपाऱ्याच्या बंदरातून कोण कोठे जात असे, असे विचारीत तो मागे मागे जातो. भावाशी असलेला संबंध येथे संपतो. पुढचा सर्व प्रवास बिनफायद्याचा असतो आणि गादीवरचा वाचक घडतो तो याच बिनफायद्याच्या वाटेवर.

कापसाचीच गोष्ट घ्यावी. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला न भूतो असा भाव आला. पैशाचा पूर आला, शेअरांचा जुगार सुरू झाला, समुद्र बुजवण्याच्या कंपन्या निघाल्या. या सर्व उलाढालीच्या केंद्रस्थानी सुरतेहून आलेल्या जैन कुटुंबातील प्रेमचंद रायचंद होते. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतील दक्षिणेच्या सेनापतीने शरणागती पत्करली, भाव कोसळले, आणि १ जुलै १८६५ रोजी, वायद्यांच्या पूर्ततेच्या दिवशी, मुंबईतील अनेक पेढ्या उघड्या पडल्या. जुनी बँक ऑफ बॉम्बे त्या धक्क्यातून सावरली नाही. १८६८ साली त्याच नावाची नवी बँक उभारावी लागली, ती १९२१ मध्ये इंपीरियल बँकेत आणि तिच्यासह १९५५ मध्ये स्टेट बँकेत आली. आज लासूर स्टेशनचा व्यापारी ज्या बँकेत धनादेश भरतो तिच्या वंशावळीत असा एक दिवाळखोर पूर्वज आहे. बँकेच्या भिंतीवर हे कोठे लिहिलेले नसते.

प्रेमचंद रायचंद यांनी भरभराटीच्या काळात, १८६४ साली, मुंबई विद्यापीठाला ग्रंथालय आणि घड्याळाचा मनोरा यांसाठी मोठी देणगी दिली. मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला आणि त्याला त्यांच्या मातोश्री राजाबाई यांचे नाव दिले गेले. आता आपल्या समाजात या मनोऱ्याविषयी आणखी एक हकिगत सांगितली जाते, की राजाबाईंना दिसत नसे, आणि सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचे त्यांचे व्रत पाळले जावे म्हणून घड्याळाच्या टोल्यांची योजना झाली. हकिगत सुंदर आहे. चौविहार पाळणाऱ्या घरात ती मुलांना सांगितली जाते आणि सांगितली जावीही. तथापि देणगीचा व्यवहार कागदोपत्री आहे आणि टोल्यांची गोष्ट परंपरेने आलेली आहे. या दोहोंत फरक आहे. तो फरक ठेवून दोन्ही सांगता येतात.

हौशी वाचकाची खरी परीक्षा येथेच होते. ज्या व्यापाऱ्याने आयुष्यात सही पाहिल्याशिवाय हुंडी सकारली नाही, पावतीशिवाय जमा धरली नाही, तोच माणूस भ्रमणध्वनीवर आलेला पाचशे वर्षांपूर्वीच्या युद्धाचा वृत्तांत एका क्षणात खरा मानतो आणि चाळीस जणांना पुढे पाठवतो. तो कोणी लिहिला, कशावरून लिहिला, तारीख कोणती, हे विचारण्याची त्याला आठवण होत नाही. बँकेत एक साधा नियम असतो : ज्याचे व्हाउचर नाही, त्याची नोंद नाही. कनिष्ठ कारकुनाला हा नियम पहिल्या आठवड्यात शिकवला जातो. इतिहासाच्या बाबतीत तो लावला, तर संध्याकाळपर्यंत येणाऱ्या मजकुरापैकी बराचसा संशयित खात्यात टाकावा लागेल, यात शंका नाही. बिघाड केवळ करमणुकीचा नसतो. जौनपुरात दहा दिवस दुकाने बंद राहिली ती प्रत्यक्ष लुटीमुळे नव्हे. खात्रीच्या पत्राला दहा दिवस लागले म्हणून ती बंद राहिली. आज पत्र दहा सेकंदांत येते. खात्रीला लागणारा वेळ मात्र कमी झालेला नाही, आणि अफवेवर दुकान बंद करण्याची पाळी कोणत्या पेठेवर केव्हा येईल हे सांगता येत नाही.

यावर उपाय म्हणून मोठमोठे ग्रंथ वाचावेत असे नाही. आपण ज्या गावात राहतो तेथून सुरुवात केली तरी तपासणीची सवय लागते, आणि लासूर स्टेशन हे गाव त्या दृष्टीने फार सोयीचे आहे. कारण त्याच्या नावातच तारीख दडलेली आहे. शिवना नदीच्या काठचे, दाक्षायणी देवीचे लासूर जुने. लासूर स्टेशन हे रेल्वेचे अपत्य. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मनमाड ते हैदराबाद हा सुमारे ३९१ मैलांचा मार्ग १८९९ ते १९०१ या काळात टप्प्याटप्प्याने खुला झाला. त्याच सुमारास, १८९९-१९०० मध्ये, पश्चिम भारतात आणि मराठवाड्यात भीषण दुष्काळ पडला होता. राजस्थानात तो संवत १९५६ चा म्हणून ‘छप्पनिया’ या नावाने आजही ओळखला जातो. राजस्थानातून दक्षिणेत आलेल्या घरांपैकी कोणती घरे छप्पनियानंतर आली आणि कोणती त्याच्या कितीतरी आधी, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने आपापल्या वयोवृद्धांना विचारण्यासारखा आहे.

ही रेल्वे मीटरगेज होती. मनमाडला मुंबईची ब्रॉडगेज रेल्वे येत असे. एका रुळांतील अंतर एक मीटर, दुसऱ्याचे १,६७६ मिलिमीटर. म्हणून लासूर स्टेशनला भरलेला डबा मनमाडच्या पुढे जाऊच शकत नसे. प्रत्येक गाठ आणि प्रत्येक पोते मनमाडला हमालांच्या पाठीवरून एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जात असे. गळती, फाटलेली पोती, भिजलेला माल आणि त्यावरून होणारी भांडणे या सर्वांचा खर्च कोणाच्या तरी खात्यात पडत होता. १९९०च्या दशकात मनमाड-औरंगाबाद मार्ग ब्रॉडगेज झाला आणि ही अदलाबदल संपली. म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षे या पेठेचा नफा सुमारे तीन वितीच्या रुंदीच्या फरकाने कमी-अधिक होत होता. आता तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे आणि रुळांकडे तरुणांचे लक्ष जात नाही.

रुळांपेक्षाही मोठी अडचण सरहद्दीची होती. मनमाडहून निघालेली गाडी नगरसूलपर्यंत इंग्रजी मुलखात असे आणि रोटेगावला पोहोचेपर्यंत निजामाच्या संस्थानात शिरलेली असे. सरहद्दीवर करोडगिरी, म्हणजे जकात. आणि पैसाही निराळा. इंग्रजी रुपया तो कलदार. निजामाचा तो हाली शिक्का. सरकारी दराने १०० कलदार रुपयांस ११६ रुपये १० आणे ८ पै हाली मिळत. हा आकडा चमत्कारिक वाटतो, परंतु थोडा हिशेब केला की सहा कलदारांस सात हाली असा सुटसुटीत दर निघतो. लासूर स्टेशनच्या व्यापाऱ्याने शेतकऱ्याकडून माल घ्यायचा तो हालीत आणि मुंबईच्या पेढीला विकायचा तो कलदारात. परकीय चलनाचा व्यवहार आज मोठ्या शहरांतील शाखांत चालतो. तो या स्टेशनगावातील मुनीम तोंडी करीत होते. त्यासाठी १९४१ च्या कायद्याने स्थापन झालेल्या हैदराबाद स्टेट बँकेकडे हाली चलनाचे व्यवस्थापन होते. हीच पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली.

पैशाप्रमाणे कालगणनाही एक नव्हती. दुकानाची वही विक्रम संवतात; मराठी शेजाऱ्याचे पंचांग शकात; स्थानकातील वा मंदिरातील पत्रिका वीरनिर्वाण संवतात; रेल्वेची पावती इसवी सनात; आणि तहसिलीतील खरेदीखत फसली सनात, ज्याचे वर्ष संस्थानात ऑक्टोबरच्या आरंभी बदलत असे आणि महिन्यांची नावे आजूर, दै, बहमन अशी फारसी असत. ज्या दिवशी निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली तो १७ सप्टेंबर १९४८ हा दिवस घ्यावा. त्या दिवशी शके १८७०, वीरनिर्वाण संवत २४७४ आणि फसली १३५७ हे सन चालू होते. विक्रम संवत मात्र गुजराती पद्धतीने दिवाळीपासून मोजणाऱ्याच्या वहीत २००४ आणि मारवाडी पद्धतीने चैत्रापासून मोजणाऱ्याच्या पंचांगात २००५. एकाच दिवसाची पाच-सहा नावे. जुन्या कागदांचा मेळ बसत नाही म्हणून जे वाद होतात, त्यांपैकी काही केवळ या एका वर्षाच्या फरकामुळे होतात. ज्याला वजाबाकी येते त्याला ते मिटवता येतात; इतिहासाची पदवी लागत नाही.

पंधरा ऑगस्ट १९४७ रोजी मनमाडला तिरंगा फडकला तेव्हा लासूर स्टेशनला तो फडकवणे गुन्हा होता, ही गोष्ट आज येथील शाळेतील मुलांना सांगितली तर त्यांना नवल वाटते. तेरा महिन्यांचे हे अंतर वर्तमानपत्रांतही होते. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ साली सुरू केलेल्या ‘मराठवाडा’ साप्ताहिकावर संस्थानात बंदी येत असे आणि ते नाव बदलून पुन्हा निघत असे. पुढे अनंत भालेराव यांच्या संपादकत्वाखाली तेच या प्रदेशाचे प्रमुख दैनिक झाले. वर्तमानपत्र वाचणे हीच जेथे जोखीम होती, तेथे त्या काळी कोणत्या दुकानात कोणते पत्र येत होते आणि ते कोठे लपवले जात होते, हे माहीत असलेली पिढी आता जवळजवळ गेली आहे.

आणि येथे या विषयातील सर्वांत दुखरी बाब येते. हे सारे कोठे लिहिलेले आहे? गावाचा इतिहास म्हणून छापलेल्या पुस्तिकेत ते सापडणार नाही. ते सापडले तर लाल कापडात बांधलेल्या वह्यांत सापडेल. हालीचा दर, करोडगिरीची रक्कम, मनमाडच्या हमालीचा खर्च, दुष्काळात सोडून दिलेली येणी, गावच्या पाणपोईला दिलेले रुपये, मुलीच्या लग्नाचा खर्च, हे सर्व व्यापाऱ्याने रोजच्या रोज नोंदवले आहे. दिवाळीत या वह्यांची पूजा होते आणि दिवाळीपूर्वीच्या आवराआवरीत त्यांच्याच आजी-पणज्या रद्दीवाल्याच्या तराजूत जातात. किलोला मिळणारे पैसे नोंदवण्यासारखेही नसतात.

ज्या घरांत वह्या शिल्लक आहेत तेथेही दुसरी अडचण आहे. जुन्या मारवाडी पेढ्यांचा जमाखर्च महाजनी, म्हणजे मुडिया लिपीत असे. या लिपीत काना-मात्रा जवळजवळ लिहीत नसत. लिहिणारा लवकर लिही आणि वाचणारा अंदाजाने वाची. ‘काकाजी अजमेर गये’ असे लिहिलेले पत्र घरच्यांनी ‘काकाजी आज मर गये’ असे वाचून रडारड केली, हा विनोद मारवाडी घरांत पिढ्यानपिढ्या सांगितला जातो. विनोद राहिला, लिपी गेली. ती वाचू शकणारे वृद्ध आज प्रत्येक पेठेत बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत, आणि त्यांच्यापैकी कोणाच्या शेजारी वही व लेखणी घेऊन नातू बसला आहे असे दृश्य क्वचितच दिसते. जे काम दहा वर्षांनी कितीही पैसे देऊन होणार नाही, ते आज एका चातुर्मासातील दुपारी देऊन होऊ शकते. आजोबांनी वाचावे, नातवाने देवनागरीत उतरवावे, पानाचे छायाचित्र घ्यावे आणि त्याखाली वर्ष लिहावे. वही बंद खोलीत वाळवीपासून दूर ठेवावी. प्लास्टिकचा मुलामा चढवण्याचा मोह टाळावा, त्याने कागद वाचत नाही.

या कामाला सरकारी अनुदान किंवा संशोधन संस्था लागते असा एक समज आहे. वि. का. राजवाडे यांच्याजवळ यांपैकी काहीही नव्हते. वाई येथे मिळालेल्या कागदांवरून त्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचा पहिला खंड काढला आणि पुढे गावोगाव फिरून बावीस खंडांपर्यंत मजल मारली. पुण्यातील दिनकर केळकर हे तर चष्म्यांचे दुकानदार होते. दिवे, अडकित्ते, दौती, कुलुपे अशा, लोक मोडीत काढीत असलेल्या वस्तू ते गोळा करीत राहिले. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी त्यांचे संग्रहालय केले आणि १९७५ साली ते महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. त्यांच्या दुकानाचा नफा किती होता हे आज कोणी विचारीत नाही, ही गोष्ट वेगळी; त्यांच्या पत्नीने, कमलाबाईंनी, ते सर्व कसे निभावले हा प्रश्न मात्र विचारावयास हवा.

घरातील स्त्रियांचा उल्लेख या संदर्भात सहसा होत नाही. वस्तुतः हौशी वाचकांत त्यांचे प्रमाण कमी नाही; दुपारच्या वेळी वर्तमानपत्राच्या पुरवण्या कानाकोपऱ्यापर्यंत त्याच वाचतात. नात्यांची, स्थलांतरांची, कोणत्या साली कोण कोठून आले याची माहिती पुरुषांना विचारली की ते आत हाक मारतात. वहीत त्यांचे नाव फक्त दागिन्यांच्या खात्यात सापडते. जे वहीत नाही ते त्यांच्या स्मरणात आहे, आणि म्हणून लिपीइतकीच त्याचीही निकड आहे.

लासूर स्टेशनहून तासाभराच्या वाटेवर वेरूळ आहे. तेथील जैन लेण्यांच्या वर, डोंगरावर, पार्श्वनाथांची भव्य मूर्ती आहे. मूर्तीच्या आसनावर लेख कोरलेला आहे. शके ११५६, म्हणजे इ.स. १२३५ च्या आरंभी, फाल्गुन शुद्ध तृतीयेस वर्धनपूरच्या चक्रेश्वराने ही मूर्ती करविली, असे त्यात म्हटले आहे. त्याच्या पित्याचे आणि आजोबांचे नावही दिले आहे. देवगिरीला त्या वेळी यादवांचा सिंघण राज्य करीत होता. चक्रेश्वराविषयी दुसरे काहीही शिल्लक नाही. दिवस, नाव, गाव, तीन पिढ्या आणि काय केले, एवढ्या पाच बाबी त्याने लिहून ठेवल्या, म्हणून आठशे वर्षांनी त्याचे नाव घेता येते.

ज्या घरांत गुजराती पद्धतीच्या संवत २००४ ची रोजवही अजून शिल्लक असेल, त्यांनी भाद्रपदाची पाने अवश्य उघडून पाहावीत. भारतीय फौजा १३ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला कारवाई थांबली. हे पाच दिवस भाद्रपद शुद्ध पक्षात, दशलक्षण पर्वाच्या उत्तरार्धात आले होते. श्वेतांबर घरांतील संवत्सरी नुकतीच होऊन गेली होती. त्या पाच दिवसांत जमा किती, नावे किती, मनमाडची गाडी आली की नाही, दुकानातील रोकड कोणाकडे ठेवायला दिली, की पाने कोरीच आहेत, हे पाहावे. पाने कोरी असतील तर ती कोणत्या दिवसापासून पुन्हा भरू लागली, तेही टिपून घ्यावे.